हॅमंड ऑर्गन
हॅमंड ऑर्गन : विद्युत् शक्तीवर चालणारे स्वरपट्ट्यांचे वाद्य. मराठी संगीत रंगभूमीवरील ऑर्गनमध्ये पायांनी चालविलेल्या भात्यामुळे धातूच्या पत्त्या कंप पावतात; येथे हवेचे कामच नाही. उंचसखल कडांची पोलादी चाके चुंबकांसमोर फिरून वेटोळ्यांत विद्युत् प्रवाह निर्माण करतात. अमेरिकन अभियंता लॉरेन्स हॅमंड याने १९३४ मध्ये याचे एकस्व घेतले. १९३५ मध्ये ‘ए’ हा नमुना विक्रीस आला. नलिका-ऑर्गनशी बरोबरीचे दावे करण्यास फेडरल ट्रेड कमिशनने १९३८ मध्ये मनाई केली. आक्षेप अनाठायी नव्हता : यातील संनादी स्वर समविभाजित सप्तकातूनच उसने घेतलेले असल्याने काही किंचित बेसूर असतात. जॅझवादकांना मात्र हाच निराळा नाद भावला. आघातध्वनीची सोय असलेला ‘बी-३’ हा १९५४ चा नमुना जिमी स्मिथने गाजविला. चाकांच्या ऑर्गनची निर्मिती १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास थांबली.