चार जीबीपाशी अडलेला नकाशा

सकाळी ९.३०. रात्री लावलेला जॉब पडलाय. ड्रोनचे फोटो जोडून झाले होते. अख्ख्या गावाचा नकाशा एका जिओटिफ फाइलमध्ये लिहायचा तेवढा राहिला होता. लॉगमध्ये शेवटी नुसतंच 'राइट एरर'. "अगं, डिस्क भरली असणार," शेजारचा म्हणतो.

१०.००. डिस्कवर भरपूर जागा आहे, कोटाही शिल्लक. आता अर्धवट फाइलचा आकार, तोही बाइटमध्ये. नव्या मुलांना मी हेच सांगते: एररचं वाक्य मोघम असतं, आकडा नेमका बोलतो. फाइल दोन जीबीवर थांबली, तर कुठेतरी जुना ३२ बिटी कोड आहे. अधल्यामधल्या आकड्यावर थांबली, तर जागा किंवा कोटा तपासा. आमची थांबली ४,२९,४९,६७,२९६ च्या किंचित अलीकडे. हा दोनाचा बत्तिसावा घात.

११.००. साध्या टिफमध्ये चित्राचा प्रत्येक तुकडा फाइलमध्ये कुठे आहे, तो पत्ता ३२ बिटांत लिहितात. चार जीबीपुढचा पत्ता त्यात मावतच नाही. "मग मागचा नकाशा याहून मोठा होता, तो कसा निघाला?" प्रश्न रास्त आहे. तो कॉम्प्रेशनशिवाय लिहिला होता. ६०,००० गुणिले ४०,००० पिक्सेल, तीन बँड, म्हणजे ७२० कोटी बाइट; हा हिशेब फाइल लिहिणाऱ्या जीडॅल या प्रोग्रॅमला आधीच करता येतो, म्हणून तो आपणहून ६४ बिटी पत्त्यांचं बिगटिफ निवडतो. कॉम्प्रेशन लावलं की शेवटचा आकार आधी कळत नाही. मग जीडॅल साध्या टिफनेच सुरुवात करतो आणि कित्येक तासांनी अडतो. फाइल लहान व्हावी म्हणून केलेला उपायच इथे नडला.

१२.००. 'बिगटिफ' पर्याय 'येस' केला. पुन्हा रात्र घालवण्याआधी चाचणी हवीच: रँडम आकड्यांचं मोठं चित्र, जे कॉम्प्रेस होत नाही. चार जीबी सहज ओलांडले. खरा जॉब लावला, फक्त लिहिण्याच्या पायरीपासून.

दुपारी ३.००. दुसऱ्या टीमचा फोन. पेनड्राइव्ह रिकामा, तरी फाइल 'फार मोठी'. फॅट३२ आहे, तिथेही एका फाइलला चार जीबीच्या आतच राहावं लागतं. एक्सफॅटने फॉरमॅट करायला सांगितलं.

५.३०. जॉब पूर्ण. नेटवर्क डिस्कवर लिहिताना चूक कधी कधी फाइल बंद करतानाच उघड होते, म्हणून उजव्या खालच्या कोपऱ्यातला शेवटचा तुकडा उघडून पाहिला. गावाबाहेरचा ओढा आणि त्यावरचा बंधारा स्वच्छ दिसतोय. चेकसम काढून फाइल पाठवली. ज्यांना पाठवली, त्यांचं सॉफ्टवेअर बिगटिफ उघडतं ना, एवढं फोनवर विचारून घेतलं.