घाटाखालचा मे आणि प्रोसेसरचा कूलर

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन उन्हाळे असतात. मे महिन्यात मलकापूर, नांदुरा, खामगावकडे पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा अजिंठ्याच्या डोंगरात वसलेले बुलढाणा शहर थोडे सुसह्य असते. संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्याने हा फरक आधी हिशेबात धरावा.

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणे. त्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खरी मेख तिथेच आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, वेग ४ वरून ४.६ गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेले. वेग वाढला १५ टक्के; वीज मात्र सुमारे ४५ टक्के. १०० वॅटचे १४५ वॅट झाले आणि त्या सगळ्याची उष्णताच होते.

चांगला कूलर दर वॅटमागे तापमान कमी वाढू देतो. दर वॅटला ०.३ अंशांचा कूलर घेतला, तर १४५ वॅटला सुमारे ४४ अंशांची भर पडते. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा ७ अंश गरम धरू. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७६ अंशांवर राहील. ४३ अंशांच्या खोलीत तो ९४ वर पोहोचेल. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांदरम्यान स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे केलेला खटाटोप वाया. ०.२ अंशांचा मोठा टॉवर कूलर त्याच खोलीत प्रोसेसरला ७९ वर रोखेल.

खोक्यावरच्या वॅटवर विसंबू नये. इंटेलच्या आय-९ १३९००केची मूळ वीज १२५ वॅट लिहिलेली असते, पण कमाल टर्बोला ती २५३ पर्यंत जाते. वॉटर कूलिंग असले, तरी तेही खोलीच्या तापमानाखाली जात नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत खोलीतला पाण्याचा कूलर चांगला उपयोगी पडतो. फक्त त्याचे तुषार संगणकावर येऊ देऊ नयेत. घर जिनिंगजवळ असेल तर रुईचे तंतू आणि धूळ कूलरच्या पात्यांमधून वरचेवर काढावी.

घेण्याआधी टॉवर कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, हे मोजा. आणि ओव्हरक्लॉकची परीक्षा जानेवारीत नव्हे, मे महिन्यातल्या दुपारी घ्या. तेव्हा टिकला नाही, तर आधी व्होल्टेज उतरवा.