कर्करोगानंतरचे आरोग्य – लेखांक ५ : शस्त्रक्रियेनंतरचा हात आणि वजनाचे व्यायाम

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत अनेकदा काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढाव्या लागतात. हातातील ऊतींमध्ये झिरपलेला द्रव लसिकावाहिन्यांतून याच ग्रंथींमार्गे पुन्हा रक्तात जातो. हा प्रवाह चालवायला हृदयासारखा पंप नसतो. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, श्वासोच्छ्वास आणि भोवतालच्या स्नायूंचा दाब यांच्या जोरावर तो पुढे सरकतो. ग्रंथी काढल्या आणि त्यात किरणोपचाराने आसपासच्या ऊती कडक झाल्या, की निचरा अपुरा पडतो आणि हात सुजतो. या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात. काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला ती येते. तपासणीपुरत्या दोन-चारच ग्रंथी काढल्या असतील, तर हे प्रमाण ५ ते ६ टक्के असते. सूज काही महिन्यांत दिसते, तशी काही वर्षांनंतरही दिसू शकते.

या भीतीपोटी कित्येक दशके एकच सल्ला दिला गेला : त्या हाताला जपा. बादली उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका, पिशव्या दुसऱ्या हातात धरा. जोर लावला की स्नायूंचा रक्तपुरवठा वाढतो, ऊतींत जास्त द्रव उतरतो आणि आधीच अडलेला निचरा आणखी तुंबतो, असा त्यामागचा तर्क होता. ऐकायला तो बिनचूक वाटे, पण रुग्णांवर तो कोणी पडताळून पाहिला नव्हता. त्याची किंमत मात्र स्त्रिया मोजत राहिल्या. न वापरलेला हात दुबळा होतो, खांदा आखडतो आणि एरवी सहज पेलले असते ते ओझेही इजा करून जाते.

कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९९६ मध्ये क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी या समजाला उघडपणे आव्हान दिले. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या २४ स्त्रियांचा चमू त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवण्यासाठी तयार केला. हा सगळा जोर दंडांचा, खांद्यांचा आणि पाठीचा. हंगाम संपला तेव्हा एकीलाही नव्याने सूज आलेली नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पुरावा अपुराच होता, तरी संशोधनाची वाट त्याने मोकळी केली.

भक्कम पुरावा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन श्मिट्झ यांनी उभा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, वजने उचलली. दोन्ही गटांत हाताची सूज वाढल्याचे प्रमाण जवळजवळ सारखे, ११ आणि १२ टक्के, निघाले. सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग मात्र व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के स्त्रियांना आले. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या पण धोका असलेल्या स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीतही वजन उचलल्याने धोका वाढल्याचे दिसले नाही.

या निष्कर्षांइतकीच महत्त्वाची त्यांमागची पद्धत आहे, कारण ती गाळली तर आकडेही लागू होत नाहीत. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली झाली. हातात जडपणा किंवा ताण जाणवला नाही, तरच वजन थोडे वाढवले गेले. सूज असलेल्यांनी व्यायामाच्या वेळी मापाची दाबपट्टी, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, घातली. मधे बरेच दिवस खंड पडला, तर पूर्वीच्या वजनावर थेट न येता खालून सुरुवात करणे सुरक्षित असते.

वजनाच्या व्यायामाची गरज हातापुरती नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. त्यांनी हाडे विरळ होतात आणि सांधे दुखतात. काही केमोथेरपी औषधांचा भार हृदयावर पडतो. म्हणून वजनांच्या जोडीला आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-अर्धा तास भरभर चालणे सुचवले जाते. उपचारांनंतर रेंगाळणारा थकवा त्याने कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. थकलेल्या शरीराला केवळ विश्रांतीच हवी, ही घरच्यांची माया समजण्यासारखी असली, तरी ती रुग्णाला आणखी दुर्बल करते.

खांद्याच्या हलक्या हालचाली शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्याव्यात. वजने मात्र जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच घ्यावीत. कर्करोग हाडांत पसरला असेल, तर कोणते व्यायाम वर्ज्य हे आधी ठरवावे लागते. बांगडी, अंगठी किंवा ब्लाउजची बाही घट्ट होऊ लागली, तर व्यायाम थांबवून हाताचे माप घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्यावर प्रतिजैविके त्याच दिवशी सुरू व्हायला हवीत.