पीजीडीएम : डिप्लोमा, पण दहावीनंतरचा नव्हे

‘एमबीए नाही मिळालं, म्हणून डिप्लोमा केला’ असं पीजीडीएमबद्दल (पदवीनंतरची व्यवस्थापन पदविका) सर्रास बोललं जातं. डिप्लोमा म्हटलं की दहावीनंतरचं पॉलिटेक्निक आठवतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पदवी कोणी द्यायची, हे १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ने ठरवलेलं आहे: विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकीच्या स्वायत्त संस्था दोन वर्षं कितीही कसून शिकवोत, शेवटी हाती पदविकाच देतात. मुंबईत जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, तर एस. पी. जैन संस्थेचा पीजीडीएम घेऊन. दुसऱ्याला कमी समजायला नोकरी देणाऱ्या कंपन्या काही खुळ्या नाहीत.

मुंबई-पुणे मार्गावर एसटी धावते, खासगी बसही धावते. पदवी आणि पदविकेचंही तसंच: परवाना वेगळा, पण पोहोचायचं गाव एकच.

खुद्द आयआयएमसुद्धा (भारतीय व्यवस्थापन संस्था) कित्येक दशकं पदविकाच देत होत्या, कारण त्या विद्यापीठ नव्हत्या. २०१७चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८मध्ये लागू झाला आणि त्यांना पदवी देता येऊ लागली.

मात्र प्रत्येक पीजीडीएमचं वजन सारखं नसतं. सरकारी नोकरी किंवा पीएचडीसाठी समकक्षता (ही पदविका एमबीएच्या तोडीची असल्याची मान्यता) विचारली जाते. ती भारतीय विद्यापीठ संघ देतो. तेव्हा फी भरण्याआधी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मंजुरी आणि ही समकक्षता, दोन्ही आपल्या अभ्यासक्रमाच्या नावानिशी तपासून घ्यावीत.