तटस्थतेचा कायदा आणि शेजाऱ्याची आग

अमेरिकेचे नाव घेतले की जगाच्या कानाकोपऱ्यांत लष्करी तळ ठेवणारे एक राष्ट्र आज आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की, याच राष्ट्राने १९३५ साली परक्यांच्या युद्धात पडावयाचेच नाही म्हणून स्वतःच्या पायांत कायद्याची बेडी घालून घेतली होती, हे सांगूनही पुष्कळांना खरे वाटत नाही. ही बेडी का घातली गेली आणि सहा वर्षांत तिची एकेक कडी कशी निघाली, हे आपल्याला येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा. ‘अलिप्तता’ म्हटले की आपल्याकडे पंडित नेहरूंचे धोरण आठवते. त्या धोरणात दोन्ही गटांपासून दूर राहूनही जगाच्या कारभारात बोलण्याचा आग्रह होता. अमेरिकेची वृत्ती निराळी. ती फटकून राहण्याची. म्हणून आम्ही तिला ‘विलगता’ म्हणू. १७९६ साली निरोप घेताना वॉशिंग्टनने कायमच्या मैत्रीकरारांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता. दोन्ही अंगांना दोन महासागर असल्यामुळे तो पाळणे फारसे अवघडही गेले नाही.

१९१७ साली तो मोडला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतले निम्म्याहून अधिक रोगराईने. पदरात काय पडले? व्हर्सायला विजेत्यांनी वसाहतींची वाटणी केली आणि कर्जाऊ दिलेला पैसाही बुडाला. फिनलंड तेवढा इमानाने हप्ते भरीत राहिला. पुढे मंदी आली. अशा कडवट मनःस्थितीत १९३४ साली सेनेटर नाय यांच्या समितीने शस्त्रांचे कारखानदार आणि पेढीवाले यांची चौकशी सुरू केली. आपली पोरे सावकारांच्या वसुलीसाठी मेली, अशी सामान्य माणसाची समजूत पक्की झाली. ती सर्वस्वी खरी नव्हती, पण सर्वस्वी खोटी आहे असेही कोणाला म्हणता येईना.

त्यातून तटस्थतेचे कायदे झाले. १९३५ साली ठरले की, कोठे युद्ध पेटले तर लढणाऱ्या कोणत्याच पक्षाला शस्त्रे विकावयाची नाहीत. १९३६ साली कर्जे बंद झाली. १९३७ साली लढणाऱ्या राष्ट्रांच्या जहाजांतून नागरिकांनी प्रवास करण्यास बंदी आली, कारण १९१५ साली बुडालेल्या ‘लुसिटानिया’वर १२८ अमेरिकन दगावले होते. एकेक कलम पाहिले तर १९१७ सालचे युद्ध टाळण्यास हा कायदा अगदी उत्तम होता. दुर्दैव एवढेच की ते युद्ध होऊन गेले होते.

मारणारा आणि मार खाणारा यांत हा कायदा फरक करीत नव्हता. १९३५ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीने ॲबिसिनियावर स्वारी केली. कायद्याप्रमाणे शस्त्रबंदी दोघांनाही लागू झाली. पण पेट्रोल हे शस्त्र नव्हे, म्हणून इटलीला ते मिळत राहिले. स्पेनमध्ये लोकांनी निवडलेल्या सरकारला अमेरिकेची शस्त्रे मिळेनात, आणि फ्रँकोला जर्मनी व इटली हवे ते पुरवीत होते. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली तेव्हा रूझवेल्ट यांनी, कोणी युद्ध रीतसर पुकारलेले नाही या सबबीवर, कायदा लावलाच नाही. त्यामुळे चीनला माल घेता आला खरा. पण जपानलाही तेल आणि भंगार लोखंड मिळत राहिले.

लोकमत किती ताठ होते याची कल्पना १९३८ च्या जानेवारीतल्या एका मतदानावरून येते. देशावर हल्ला झाला नसेल तर सार्वमत घेतल्यावाचून युद्ध पुकारता येऊ नये, अशी घटनादुरुस्ती प्रतिनिधी लडलो यांनी सुचविली होती. ती नुसती चर्चेला घेण्याचा प्रस्ताव १८८ विरुद्ध २०९ मतांनी पडला. एकवीस मतांचे अंतर! या मागणीला हसणाऱ्यांत आम्ही नाही. ज्यांच्या घरची मुले जावयाची, त्यांना विचारा, एवढेच तीत होते.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले. नोव्हेंबरात शस्त्रबंदी उठली. मात्र माल रोख पैसे टाकून आणि आपल्याच जहाजांतून न्यावयाचा, अशी अट होती. पुढच्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला आणि अमेरिकन माणसाला अटलांटिक एकाएकी अरुंद वाटू लागला. सप्टेंबर १९४० मध्ये पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला देऊन त्यांच्या बदल्यात ९९ वर्षांच्या पट्ट्याने तळ घेतले गेले. त्याच महिन्यात शांततेच्या काळातली पहिली सक्तीची लष्करभरती मंजूर झाली. त्याच महिन्यात ‘अमेरिका फर्स्ट’ ही विरोधकांची संघटनाही उभी राहिली. वैमानिक लिंडबर्ग पुढे तिचे सर्वांत गाजलेले वक्ते झाले.

निवडणुकीच्या धामधुमीत बोस्टनला रूझवेल्ट यांनी मातापित्यांना सांगितले की, तुमची मुले परक्यांच्या युद्धात पाठविली जाणार नाहीत. ‘हल्ला झाल्यास गोष्ट वेगळी’ हे पक्षाच्या जाहीरनाम्यातले शब्द त्यांनी त्या दिवशी गाळले.

निवडून आल्यावर डिसेंबरात त्यांनी पत्रकारांना एक दाखला दिला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आणि त्याने बागेतली रबरी नळी मागितली, तर आधी तिची किंमत ठेव असे कोणी म्हणत नाही; आग विझल्यावर नळी परत मिळाली म्हणजे झाले. ब्रिटनजवळचे डॉलर संपत आले होते आणि कर्ज देण्यास कायद्याची आडकाठी होती. त्यावर ही तोड. सेनेटर टॅफ्ट यांनी टोला मारला की, लढाईचे सामान उसने देणे हे च्युइंग गम उसने देण्यासारखे आहे. ते कोणी परत घेत नसते. रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे सेनेटर व्हीलर तर म्हणाले की, या धोरणाने दर चौथा अमेरिकन मुलगा नांगराखाली गाडला जाईल. मंदीच्या काळात भाव सावरण्यासाठी सरकारने उभा कापूस नांगरावयास लावला होता, त्यावर हा बोचरा रोख होता. ‘लेंड-लीज’ या नावाने ओळखला जाणारा हा कायदा ११ मार्च १९४१ रोजी झाला. विधेयकाचा क्रमांक मुद्दाम १७७६ ठेवला होता. ज्या साली अमेरिकेने ब्रिटनचे जोखड झुगारले ते हे साल.

येथवरचे सारे उघड्यावर, कडाक्याच्या वादानंतर झाले. पुढच्या वळणाबद्दल मात्र आम्हांला तसे म्हणवत नाही. ४ सप्टेंबर १९४१ रोजी ‘ग्रीअर’ या अमेरिकन विनाशिकेवर जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला. रूझवेल्ट यांनी नभोवाणीवरून ही चाचेगिरी असल्याचे सांगितले आणि यापुढे जर्मन नौका दिसताच तिच्यावर मारा होईल असे सुचविले. ‘ग्रीअर’ कित्येक तास त्या पाणबुडीच्या मागावर होती आणि तिचा ठावठिकाणा ब्रिटिश विमानाला कळवीत होती, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. हिटलरला रोखणे अवश्य होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे तेथल्या कायदेमंडळाला, दिला आहे. आणि अर्धी हकिकत ऐकून दिलेल्या संमतीला संमती म्हणणे जड जाते. ऑक्टोबरअखेर ‘रूबेन जेम्स’ बुडाली व सुमारे शंभर खलाशी गेले. तरीही नोव्हेंबरात व्यापारी जहाजांवर तोफा बसविण्याची व ती युद्धक्षेत्रात नेण्याची परवानगी सभागृहात अवघ्या २१२ विरुद्ध १९४ मतांनीच मिळाली.

याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सनद निघाली. आपले सरकार कसे असावे हे निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असे तीत होते. आपल्याकडे तिने आशा निर्माण केली. पण ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी पार्लमेंटात, ते कलम हिंदुस्थानसाठी नव्हे, असा खुलासा करून ती विझवली.

सर्वांचे डोळे अटलांटिककडे लागलेले असताना ठिणगी पडली ती पॅसिफिकमध्ये. जुलैत जपानची येणी गोठवून अमेरिकेने त्याचे तेल तोडले होते. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सेनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ मतांनी युद्ध पुकारले गेले. ते एक मत जेनेट रँकिन या बाईंचे. १९१७ सालीही त्यांनी विरोधी मत दिले होते. त्या वेळी त्यांच्याबरोबर एकोणपन्नास प्रतिनिधी होते, या वेळी त्या एकट्या होत्या. सभागृहाबाहेर जमावामुळे टेलिफोनच्या खोलीत आसरा घेऊन त्यांना पोलिसांची वाट पाहावी लागली. हे युद्ध अजून फक्त जपानशी होते. ११ डिसेंबरला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले आणि रूझवेल्ट यांच्यापुढचा पेच परस्पर सोडविला.

१९४९ च्या जुलैत नाटो करार सेनेटपुढे आला. वॉशिंग्टनने नको म्हटले होते तसाच हा कायमचा लष्करी मैत्रीकरार. तो ८२ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. त्या तेरांत सेनेटर टॅफ्ट होते.