रोशाची भट्टी: खानदेशच्या नाल्याकाठचं अत्तर

पावसाळा सरला की शिरपूर तालुक्यातून एक बातमी हमखास येते. सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवर, कापूस-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळला. कायदा याबाबत संदिग्ध नाही. फुलोऱ्यावरची राळ झाडापासून वेगळी केली की ती चरस. कच्ची असो वा शुद्ध केलेली, तळहातांवर चोळून काढलेली असो वा बर्फाच्या पाण्यात झटकलेली, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत ती बसते आणि घरात बनवली तरी गुन्हाच ठरतो. तिकडे अमेरिका-कॅनडात याच राळेभोवती एक मोठी हौस उभी राहिली आहे. कोणतंही रासायनिक द्रावक वापरायचं नाही, फक्त पाणी, बर्फ, चाळणी, उष्णता आणि दाब यांच्या बळावर झाडाचं सत्त्व काढायचं, असा तिचा बाणा. जणू ही कल्पना कालपरवा जन्मली.

खानदेशाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. द्रावकाविना वनस्पतीचं सत्त्व काढायची विद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या होती, तीही त्याच सातपुड्याच्या आणि पश्चिमेच्या डोंगरांच्या उतारांवर. फक्त तिचं झाड वेगळं होतं. ते म्हणजे रोशा गवत. पोलिसांच्या कारवाईमुळे गांजा दरवर्षी छापून येतो. रोशाचं नाव मात्र धुळे-जळगावच्या नव्या पिढीने क्वचितच ऐकलं असेल. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एकेकाळी खानदेशातून जगाच्या बाजारात गेलेल्या मोलाच्या वस्तूंत या गवताचं तेल होतं.

आयुर्वेद ज्याला रोहिष म्हणतो तेच हे गवत. माणसाच्या डोक्याहून उंच वाढतं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. पातं बोटांत चुरडलं की गुलाबाची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. त्याचे दोन प्रकार जाणकार ओळखतात. उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर विरळ वाढतो तो मोतिया. सखल, ओलसर जागी दाट माजतो तो सोफिया. दिसायला दोन्ही इतके सारखे की वनस्पतिशास्त्राने त्यांना एकाच जातीत ठेवलं आहे, पण मोतियाचं तेल गुलाबाकडे झुकतं आणि सोफियाचं आल्यासारखं उग्र निघतं. बाजारात भाव असतो तो मोतियाला. म्हणजे भट्टी पेटण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असायचा: गवत कापणाऱ्याने कोणता उतार निवडला यावर.

या भट्ट्यांच्या काळात खानदेश जिल्हा एकसंध होता. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यातूनच निघाले. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड १८८० साली निघाला, तो खानदेशावर आहे. त्यात या धंद्याचं जे वर्णन आहे ते इतकं बारकाईचं आहे की त्यावरून आजही कुणी भट्टी उभी करू शकेल. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या पश्चिमेच्या पट्ट्यात रोशा मुबलक. भिल्लांनी गवत कापायचं, आणि भट्टी लावणारे कारागीर, जे बहुतेक मुसलमान होते, त्यांनी ते विकत घेऊन गंजी रचायच्या. काळ पावसाळा संपतानाचा, गवत फुलोऱ्यातून पिकण्याकडे जाताना. जागा नाल्याच्या काठाची, जिथे लाकूड आणि वाहतं पाणी दोन्ही हाताशी आहे. भट्टी गवताकडे जायची, गवत भट्टीकडे यायचं नाही. अवजड माल डोंगरातून वाहून आणण्यापेक्षा दोन भांडी उचलून नेणं सोपं, हे साधं गणित त्यामागे होतं.

काठावर चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल खड्डा खणायचा आणि त्यात चूल मांडायची. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची कढई, तीस ते पन्नास हंडे पाणी मावेल एवढी. तळाशी थोडं पाणी, वर गळ्यापर्यंत चिरलेलं गवत, आणि पुन्हा थोडं पाणी. तोंडावर धातूचं झाकण ठेवून कड कणकेने लिंपायची. गव्हाची कणीक उष्णतेने भाजून घट्ट होते, वाफेला फट सापडत नाही, आणि काम झाल्यावर एका ठोक्यात निघते. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघायची. तिला कापड गुंडाळलेलं, त्यावर उडदाच्या पिठाचा लेप, वरून दोरीचे वेढे. उडदाचं पीठ चिकट, सुकताना आवळून बसणारं. बांबूच्या सांध्यासाठी याहून चांगलं काही त्या रानात मिळालं नसतं. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद भांड्यात, आणि ते भांडं नाल्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं.

एवढंच यंत्र. तापमापी नाही, दाबमापी नाही. दुसरं भांडं भरत आलं की ते हलू लागतं, थरथरतं; ती खूण. ते ओळखून भट्टीवाला नळी शिताफीने काढून घ्यायचा. भांड्यातलं पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळलं की तेल हळूहळू वर तरंगू लागायचं, आणि ते अलगद निथळून घ्यायचं.

यात पदार्थविज्ञानाची खरी गंमत आहे. रोशाच्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल. तो एकटा उकळायचा तर सुमारे २३० अंश सेल्सियस लागतात, आणि तेवढ्या आचेवर गवत केव्हाच करपून जाईल. पण एकमेकांत न विरघळणारे दोन द्रव सोबत तापवले की दोघांच्या वाफेचा दाब मिळून काम करतो, आणि मिश्रण १०० अंशांच्याही किंचित खाली उकळू लागतं. पाण्याची वाफ तेलाला आपल्यासोबत उचलून नेते. थंड झाली की पाणी पाण्याच्या वाटेने जातं आणि हलकं तेल वर येतं. अल्कोहोल नाही, हेक्झेन नाही. मागे काहीच उरत नाही, म्हणून नंतर काही उडवूनही लावावं लागत नाही.

गॅझेटियरच्या वर्णनातलं एक वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तेल निथळून घेतल्यावर उरलेलं पाणी फेकायचं नाही, नव्या गवतासोबत ते पुन्हा कढईत घालायचं. जिरॅनिऑल थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळतं. ते पाणी नाल्यात ओतलं तर तेवढं तेल वाहून गेलं. पहिल्या घाण्यात मुरलेलं पाणी दुसऱ्या घाण्याचं तेल पिऊन टाकत नाही. आजही सुगंधी तेलांच्या कारखान्यात हे पाणी परत फिरवण्याची सोय मुद्दाम केलेली असते. पिंपळनेरच्या डोंगरातला माणूस ते कोणत्या प्रयोगशाळेत शिकला? रोज हात घालून, वास घेऊन, हिशोब करून. गॅझेटियरने भांड्यांची मापं नोंदवली, पण ज्यांच्या हातात ही अक्कल होती त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्यात नाही.

१८७९-८० च्या हंगामात अशा १९७ भट्ट्या चालू होत्या, निम्म्याहून अधिक एकट्या नंदुरबारात, आणि तेल निघालं सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे साडेतीन हजार किलोंच्या वर. एका भट्टीच्या वाट्याला हंगामाचं अठरा किलो. आकडा लहान वाटतो, पण १०० किलो गवतातून अर्धा किलो तेल निघालं तरी उतारा चांगला म्हणतात. त्या हिशोबाने एका हंगामात सात-आठशे टन गवत भिल्ल स्त्री-पुरुषांनी विळ्याने कापून, डोक्यावरून नाल्यापर्यंत आणलं असणार.

पुढचा प्रवास तेलाला त्याच्या गावापासून तोडणारा. चामड्याच्या बुधल्यांत भरून ते बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जायचं, नाहीतर धुळ्यावरून मनमाडला आणि तिथून मुंबईला. मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून कॉन्स्टॅन्टिनोपल. तिथे त्याला लिंबाचा रस घातलेल्या डिंकाच्या पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून फिकट करायचे, आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे, कधी थेट गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून त्यांच्यासोबतच उकळायचे. युरोपात या तेलाला नाव पडलं तुर्की जिरेनियम. तेल तुर्कस्तानचं नव्हतं आणि जिरेनियमचंही नव्हतं. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन याने जिरॅनिऑल पहिल्यांदा वेगळं केलं ते याच भारतीय गवताच्या तेलातून. सुगंधशास्त्रातलं इतकं महत्त्वाचं द्रव्य रोशाने दिलं आणि नाव गेलं दुसऱ्याच झाडाला.

भेसळ तर मुंबईतच सुरू व्हायची. टर्पेंटाइन, शेंगदाण्याचं तेल, जवसाचं तेल, जे स्वस्त ते. ओळखायची रीत सोपी आहे आणि आजही चालते. कागदावर एक थेंब टाकून ठेवा. निर्भेळ रोशा उडून जातो आणि कागद जवळजवळ पूर्ववत होतो. खाद्यतेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग तसाच राहतो. टर्पेंटाइन मात्र उडून जातं, कागदाला फसवतं. त्यासाठी ७० टक्के अल्कोहोल: दोन-तीन पट अल्कोहोलात खरं तेल स्वच्छ विरघळतं, टर्पेंटाइन असेल तर गढूळपणा येतो.

घरच्या वापरात हे तेल सांधेदुखीवर चोळायचं. त्यात तथ्य किती याबद्दल मी दावा करणार नाही, पण नुसतं तेल कातडीला लावू नये हे मात्र ठामपणे सांगतो. चमचाभर तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात दोन-तीन थेंब पुरे. जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी असते. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख करावा लागतो तो त्यासाठीच. साबण, अगरबत्ती आणि सुगंधी तंबाखू हे या तेलाचे मोठे गिऱ्हाईक.

धंदा का बसला, याला एक कारण नाही. जंगलं राखीव झाली, गवताच्या कुरणांचे लिलाव होऊ लागले, जावासारख्या बेटांवर हेच गवत शेतात पिकू लागलं, आणि पुढे जिरॅनिऑल कारखान्यात बनू लागलं. कनौजला असंच तंत्र टिकलं: तांब्याची डेग, बांबूचा चोंगा, पाण्यात बसवलेला भपका. तिथे पिढीजात अत्तरिये होते, पेढ्या होत्या, शहर पाठीशी होतं. खानदेशी भट्टी डोंगरात होती, हंगामापुरती होती, आणि तिच्या मालाची किंमत ठरवणारे सगळे दूर होते.

आता पुन्हा संधी आहे असं मला वाटतं, आणि हे भाबडेपणाने म्हणत नाही. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ अशा मोतियाच्या वाणांवर काम केलं आहे, आणि २०१७ पासूनच्या अरोमा मिशनमधून सगंध पिकांची लागवड व ऊर्ध्वपातनाची यंत्रं यांना मदत होते. हलक्या, मुरमाड जमिनीत हे गवत तगतं आणि एका लागवडीवर काही वर्षं कापणी मिळते. त्याहून महत्त्वाचा आहे २००६ चा वनहक्क कायदा. त्याने गौण वनोपजावरची मालकी ग्रामसभांना दिली. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या डोंगरपट्ट्यातल्या ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांनी गवत विकण्याऐवजी तेल विकावं. गवत विकलं तर मजुरी मिळते. तेल विकलं तर किंमत. गांजाच्या जोखमीत पोरं तुरुंगात जाण्यापेक्षा हे शतपटीने बरं, हे त्या गावांतल्या आयाबायांना माझ्याहून चांगलं कळतं.

यंत्रही फार मोठं लागत नाही. ५०० किलो गवत मावेल अशी स्टेनलेस स्टीलची टाकी, खाली वेगळं पाणी, म्हणजे गवत तळाला लागून तेलाला धुराचा वास येणार नाही. गवत कापून सावलीत थोडं सुकवायचं, दाबून भरायचं, तीनएक तास वाफ द्यायची. एका घाण्याला दोन-अडीच किलो तेल. निघालेलं पाणी, पिंपळनेरच्या जुन्या रीतीने, पुढच्या घाण्यात परत. लोखंडी डबा टाळायचा, गंजाने तेल काळवंडतं. गाळलेलं तेल काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत काठोकाठ भरून अंधारात ठेवायचं, आणि चिठ्ठीवर गावाचं नाव, उताराचं नाव आणि कापणीची तारीख लिहायची. टाकीतून निघालेला चोथा दोन दिवस उन्हात पसरला की जळतो, त्यामुळे पुढच्या घाण्यासाठी जंगलातलं लाकूड फारसं तोडावं लागत नाही.