नेत्रकोटराचा पातळ तळ
सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय काय किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय काय, आर्वी-हिंगणघाटाकडून चेहऱ्याला इजा होऊन जे जखमी तेथे दाखल होतात, त्यांत दुचाकीवरून पडलेल्या तरुणांचा भरणा असावा यात नवल नाही. मारामारीतला ठोसा, बैलाचे शिंग, क्रिकेटचा चेंडू ही कारणे त्यामागून येतात. डोळा काळानिळा पडून मिटला की सोबतची मंडळी ‘मुका मार आहे, उतरेल’ असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेतात. पण सूज उतरते तेव्हाच पुष्कळदा खरी हानी नजरेस येते.

सात अस्थींनी घडलेल्या नेत्रकोटराची, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची, पुढची कड भक्कम असली, तरी तिचा तळ आणि नाकाकडची भिंत कमालीची पातळ असते. १९५७ साली स्मिथ आणि रेगन या अमेरिकन वैद्यांनी शवाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडा हाणला, तेव्हा कड शाबूत राहून तळ मात्र फुटला. फुटलेल्या तळातून मेद व स्नायू गालाच्या पोकळीत उतरतात आणि डोळा आत ओढला जातो. वर पाहताच एकाच्या दोन वस्तू दिसतात, गाल व वरचा ओठ बधिर होतो, आणि नाक शिंकरताच पापणी फुगून बोटाखाली चरचरते.

बालकांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक फसवी. त्यांचे लवचिक हाड वाकून सापळ्याच्या दारासारखे परत मिटते व स्नायूला चिमटीत धरते. डोळा पांढराशुभ्र, सूज नाममात्र, पण मूल ओकते आणि त्याची नाडी मंदावते, म्हणून सारे लक्ष मेंदूच्या माराकडे वळते. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू वाट पाहत नाही. तो सोडवण्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांतच उरकावी लागते.

सी.टी. स्कॅनचा कागद हाती येण्याआधी रुग्णाला दिसते किती, हे तपासणे अगत्याचे. डोळ्यामागे रक्त साचून डोळा पुढे आला, दगडासारखा कठीण झाला आणि दृष्टी मावळू लागली, तर बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब तत्काळ उतरवावा लागतो. तेथे स्कॅनची वाट पाहणे म्हणजे दृष्टीवर पाणी सोडणे. असे काही नसेल, तर प्रौढांत मात्र बहुधा सूज ओसरेपर्यंत सवड असते, मग गरजेप्रमाणे तळाला टायटॅनियमची जाळी बसवतात. तडा लहान असून दुहेरी दिसत नसेल, तर शस्त्राची गरजच पडत नाही; काही आठवडे नाक न शिंकरण्याचे पथ्य तेवढे पाळायचे, आणि सर्दीच्या दिवसांत ते वाटते तितके सोपे नसते.